बर्फवाली

पहाटे साडेतीनला वेंगुर्ल्याच्या बंदरावर
मी लोखंडी दांडा उचलते
आणि लादी फुटते.
पहिल्या घावाचा आवाज
शेजारच्या घरात कपाट पडल्यासारखा.
भिकू तांडेल होडीवरून ओरडतो,
"लुर्दीन, हळू गे, तुझो देव उठात!"
"उठांदे," मी म्हणते, "तेका पण काम आसा."

रबरी हातमोजे, डाव्याचा अंगठा फाटका.
बधिर बोटांना तेर्साचे मणी लागत नाहीत,
म्हणून मी टोपल्या मोजते.
दहा टोपल्या, दहा नमो मारिये,
अकरावीला आमच्या बापा.
कधी हिशेब चुकतो,
तांडेलाला एक टोपली जास्त जाते,
देवाला एक प्रार्थना कमी.
दोघांनीही अजून तक्रार केलेली नाही.

बंदीच्या दिवसांत, कारखाना बंद असताना,
नव्या फादरांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या :
आपापलं पाचारण लिहा.
रुफिनाने लिहिलं, पोरांना धर्मशिक्षण.
कायतानने लिहिलं, मिसाला व्हायोलिन.
मी लिहिलं, बर्फ फोडते.
खोडलं.
मासळी गार ठेवते.
तेही खोडलं.
चिठ्ठी पेटीत न टाकता
कनवटीला लावून घरी आणली.

काय लिहिणार?
पाववाल्याचा पाव कुणाच्या तरी पोटात जातो,
शिंप्याचा खिसा निदान दोन वर्षं टिकतो.
माझं काम दुपारपर्यंत
गटारातून समुद्राला मिळतं.
प्रभू म्हणाला, तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात.
बर्फाचं नाव त्याने घेतलं नाही.
गालीलात मिळत नसेल.

मग जानेवारीत, शनिवारी रात्री,
मार्थीण गेली.
तीस वर्षं वेदीची वस्त्रं धुतलेली मार्थीण,
निळीचं प्रमाण कुणालाच न सांगता.
मुलगा बेनित जहाजावर,
पोचायला दोन दिवस.
शीतपेटी दुसऱ्या गावी गेलेली.
तिचा दीर माझ्या दारात उभा,
टोपी हातात चुरगाळत :
"बर्फ होयो गे.
झील येयसर रवात मां?"

मी लादीचा भुसा धुऊन काढला, दोनदा.
पापलेटासाठी फोडते त्याहून बारीक फोडला,
तिला टोचू नये म्हणून.
टॉवेलात गुंडाळून
मानेशी ठेवला, कुशीत ठेवला,
पाठीखाली सरकवला.
बायका तेर्स म्हणत होत्या,
मी पाणी पुसत होते,
दर दोन तासांनी नवा बर्फ भरत होते.
दुसऱ्या रात्री मला वाटलं
आता माझ्या हातांना हात म्हणणं चुकीचं आहे.
कायतानच्या बायकोने चहा पाजला,
कप तिनेच धरला.

सोमवारी दुपारी बेनित आला.
बूट न काढताच आत,
गुडघ्यांवर बसला,
आईच्या गालाला तळवा लावला.
"आवय," म्हणाला.
चेहरा तिचाच होता.
रागावल्यावर व्हायची ती
कपाळावरची आठीसुद्धा.

तेवढंच.
कुणी मला काही म्हणालं नाही,
म्हणायचं काही नव्हतंच.
माती दिल्यावर घरी आले,
डब्यात ठेवलेली चिठ्ठी काढली.
दोन खोडलेल्या ओळींखाली लिहिलं :
येणारा वाटेवर आहे.
तोवर नासू देत नाही.

वाचून माझं मलाच हसू आलं.
एवढं मोठं बोलायची मला सवय नाही.
चिठ्ठी फादरांना दिलीच नाही.
अजून डब्यात आहे, सुक्या जवळ्याच्या बाजूला,
वास येतो तिला.

दुसऱ्या पहाटे पुन्हा दांडा, पुन्हा लादी.
ट्यूबच्या उजेडात चुरा उडाला,
केसांत, पापण्यांवर, पोलक्याच्या गळ्यात.
एक तुकडा मी तोंडात टाकला,
लहानपणी टाकायचे तसा.
दात कळवळले
आणि मी एकटीच हसले, मोठ्याने.

भिकू तांडेलाने वळून बघितलं.
"आज इतक्या कित्याचा हसू?"
"काय नाय," मी म्हटलं.
"टोपली धर. सातवी."